गॅसच्या रांगेत कळशी

राहीबाईंच्या गाडीनं सहा महिन्यांत जेवढं जग पाहिलं, ते सगळं गॅसच्या रांगेत उभं राहून पाहिलं.

केडगावातल्या त्यांच्या गल्लीत गाडी घ्यायचं ठरलं, तेव्हा सल्ला द्यायला कोण आलं नव्हतं एवढंच सांगणं सोपं. शेजारच्या लंकाबाई आल्या, ज्यांच्या घरात चाक म्हणून एक शिलाई मशीनचं तेवढं होतं. रिटायर झालेले कंडक्टर गोरक्षनाथभाऊजी आले. त्यांनी आयुष्यभर एसटीची घंटी ओढली होती, त्यामुळे इंजिनाचं सगळं ज्ञान आपल्याला दोरीतून आलंय अशी त्यांची समजूत होती.

"वहिनी, पेट्रोलची गाडी म्हंजी दारात बांधलेला सावकार," भाऊजी म्हणाले. "गॅसची घ्या."

"गॅसची नगं गं बाई," लंकाबाई म्हणाल्या. "सैपाकघरातल्या टाकीला मी हात जोडून झोपती. तुमी तिच्यावर बसून जानार व्हय?"

राहीबाईंनी दोघांचं ऐकून घेतलं आणि शोरूमात जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तिथल्या माणसानं सांगितलं की हा गॅस किलोवर मिळतो. राहीबाईंनी त्याला पुन्हा सांगायला लावलं. किलोवर बाजरी घेतली होती त्यांनी, गूळ घेतला होता, रद्दी घातली होती. पण जे डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही, ते तोलून देतात, आणि त्या वाऱ्यावर एवढं मोठं लोखंड पाच माणसं घेऊन करंजीचा घाट चढतं, हे ऐकल्यावर त्यांनी पदर डोक्यावर ओढून घेतला. तो त्या एरवी फक्त देवळात घेत. शोरूमच्या माणसाला वाटलं, म्हातारीला एसीचा गारठा लागला.

एकच खोड निघाली. गाडी सुरू होताना आधी घोटभर पेट्रोल पिते, मग गॅसवर येते. हे अजिनाथनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, घरी आल्यावर सांगितलं.

"घोटभर म्हंजी किती?"

"थोडंच गं आई."

"मग थोडंच ठिवायचं. टाकी भरून ठिवली की तिला चटक लागंल."

अजिनाथ पतसंस्थेत वसुली अधिकारी. तालुक्यातल्या भल्याभल्यांच्या दारात बसून थकलेले हप्ते काढून आणणारा हा माणूस, पण सहा महिन्यांत आईकडून पेट्रोलची परवानगी काढू शकला नाही. राहीबाई रोज सकाळी तुळशीला पाणी घातलं की गाडीत बसून पेट्रोलचा काटा पाहायच्या. काटा तळाला टेकलेला दिसला की त्यांचा दिवस चांगला जायचा.

आणि हे सगळं ज्यांच्यासाठी चाललं होतं त्या केशरबाई नेवाशाला राहत. केशरबाई म्हणजे राहीबाईंच्या लेकीच्या, सत्यशीलाच्या, सासूबाई. गाडी घेतली त्या दिवशीच राहीबाईंनी विहिणीला फोन लावला.

"इहीनबाई, आमची गाडी पेट्रोल पीत न्हाई बरं का."

"आमची व्हॅन बी गॅसवरच हाय की, दोन वर्सं झाली," केशरबाई म्हणाल्या. "पर आमची रस्त्यावर दिसती. तुमची दिसली की सांगू."

ती दिसणार कशी? रविवार आला की गाडी नेवाशाला निघायची आणि केडगावच्या पुढं जायची नाही. गॅस संपलेला असायचा, किंवा यायचा असायचा, किंवा आलेला असून त्याला जोर नसायचा. गॅसला जोर नसतो म्हणजे काय, हे राहीबाईंनी पंपावरच्या माणसाला विचारलं होतं. त्यानं छातीवर हात ठेवून दमेकऱ्यासारखा श्वास घेऊन दाखवला. ते मात्र त्यांना लगेच समजलं.

असे सहा महिने गेल्यावर चैत्रात केशरबाईंचा फोन आला. सत्यशीलाच्या मुलाचं जावळ काढायचं होतं, मढीला, कानिफनाथाच्या पायरीवर.

"मामाच्या मांडीवर पोरगं बसल्याबिगर वस्तरा लागत न्हाई, हे तुमाला म्या सांगाय नगं," केशरबाई म्हणाल्या. "आनि बामनानं बाराच्या आत सांगितलंय. बारा टळलं तर पुढं वरीस संपतंय लेकराचं. तवा येळंवर या. गाडी हाय न्हवं? का आमची पाठवू?"

जावळाचं राहीबाईंनी ऐकलं, बाराचं ऐकलं. पण शेवटचे ते तीन शब्द त्यांना सगळ्यात मोठ्यानं ऐकू आले. का आमची पाठवू.

"पाठवू नगा. मामा मामाच्या गाडीत यील," त्या म्हणाल्या. "आनि येताना तुमाला नेवाशाला सोडायचं आसंल तर तसं सांगा. आमच्या गाडीत जागा हाय."

जागा होती म्हणणं जरा धाडसाचं होतं. डिकीत गॅसची टाकी आडवी निजलेली. तिच्या उशाला एक छत्री मावते, पायथ्याला काही नाही. त्यामुळे जावळाच्या दिवशी बाळाचे नवे कपडे अजिनाथच्या बायकोच्या, सविताच्या मांडीवर, तिच्या पायाशी पुरणपोळ्यांचा डबा, डब्यावर नारळाची पिशवी, आणि पुढच्या सीटवर राहीबाई, त्यांच्या मांडीवर पाण्यानं भरलेली कळशी. बाहेरचं पाणी त्या पीत नसत. बाटलीतलं तर नाहीच. जे पाणी कुणी भरलं ते सांगता येत नाही ते पाणी कसलं, असं त्यांचं मत.

केडगावच्या पंपावर तारेनं बांधलेली पाटी लटकत होती. गॅस नाही.

"आई, बाजूच्या पंपावर पेट्रोल टाकू का? आजच्या दिवस."

"न्हाई."

सविता शाळेत शिकवते. तिनं मोबाईलवर शोधून सांगितलं, "तिसगावजवळच्या पंपावर गॅस येणार आहे म्हणतात. तिथून मढी जवळच." येणार आहे आणि आला आहे यांत फरक असतो, हे ती वर्गात दर सोमवारी शिकवते. पण घरात तिचं शिकवणं कोण ऐकतो.

करंजीच्या घाटात एसी बंद करावा लागला. गॅसचा शेवटचा ठिपका विझायला आला होता. अजिनाथ वळणावर पुढं झुकायचा, आणि मागं सविताही पुढं झुकायची, जसं काही माणसं झुकली की गाडीला वजन कमी होतं. राहीबाई कळशी घट्ट धरून नाथाचं नाव घेत होत्या. घाट चढून गाडी वर आली आणि त्यांनी मनातल्या मनात त्या वाऱ्याला नमस्कार केला. दिसत नाही, पण केवढी ताकद.

आणि मग ती रांग दिसली.

राहीबाईंनी टँकरच्या रांगा पाहिल्या होत्या, रेशनच्या पाहिल्या होत्या, लेकीच्या लग्नात जेवणाच्या पंगतीची रांग पाहिली होती. पण ही रांग पंपापासून निघून रस्त्याच्या कडेनं बाभळींच्या मागं वळून, पुन्हा बाहेर येऊन, एका ओढ्याच्या पुलापर्यंत आली होती. पांढऱ्या गाड्या, लाल गाड्या, रिक्षा, कोंबड्यांचा टेम्पो, नवरदेवाचं नाव चिकटवलेली एक जीप. सगळ्या मुक्या. एवढी माणसं आणि एवढ्या गाड्या एका न दिसणाऱ्या वस्तूची वाट बघत उभ्या, हे पाहून राहीबाईंच्या तोंडून शब्द फुटला नाही. सविताला सासूची ही अवस्था नवी होती. तिनं घाबरून पाणी हवंय का विचारलं.

पंपावरच्या माणसाला विचारलं तर म्हणाला, "गॅसची गाडी निघालीय." कुठून निघाली, कुठवर आली, हे त्याला विचारायचं नसतं. विचारलं तर तो अजून एकदा निघालीय म्हणतो.

तेवढ्यात केशरबाईंचा फोन.

"कुटवर आलात?"

"ह्ये काय, तिसगावाला. तुमी?"

"आमी कवाच निघालो. पोचतोच."

"मग पायथ्याला भेटू." राहीबाईंनी फोन ठेवला. फोनमधून काकडीवाल्याचा आवाज येत होता, आणि खिडकीबाहेरही काकडीवाला ओरडत होता. काकडीवाले काय, सगळीकडं सारखंच ओरडतात, असं म्हणून त्यांनी तो विचार सोडून दिला.

आता खरी कटकट सुरू झाली. पुढची एखादी गाडी कंटाळून निघून जायची आणि रांग एका गाडीभर सरकायची. दर सरकण्याला अजिनाथ किल्ली फिरवायचा. दर किल्लीला गाडी तो घोट प्यायची. राहीबाईंची नजर काट्यावर. काटा तळाला टेकलेलाच होता, पण आता तो तळाच्याही खाली बघतोय असं त्यांना वाटायला लागलं.

"किल्ली फिरवू नगंस. ढकला."

मग अजिनाथ आणि सविता उतरून ढकलायला लागले. सविता नव्या साडीत, गजरा घालून. कोंबड्यांच्या टेम्पोतल्या कोंबड्यासुद्धा बघत होत्या. दोनतीनदा ढकलून झाल्यावर अजिनाथचा शर्ट पाठीला चिकटला, आणि राहीबाईंनी मान वळवून पाठीमागच्या शेताकडं पाहिलं. तिथं बांधावर चिंचेची मोठी सावली होती. इकडं माणसं भट्टीत भाजत होती, तिकडं सावली रिकामी.

त्या खाली उतरल्या. कळशीतलं पाणी दोन घोट प्यायल्या, दोघांना पाजलं, उरलेलं तोंडावर मारलं. गाडीचं पुढचं चाक होतं तिथं कळशी ठेवली.

"अजिनाथा, गाडी चिंचंखाली लाव."

"आनि नंबर?"

"नंबर ह्यो काय हितं हाय."

मागच्या गाडीतून गॉगल लावलेले एक गृहस्थ उतरले. पुण्याचे असावेत, कारण उन्हाबद्दल तक्रार ते गाडीतून उतरायच्या आधीच करत होते. "मावशी, असं चालत नाही. गाडी काढली की नंबर गेला."

"तुमच्या गाडीनं सांगितलं का?"

"काय?"

"न्हाई, नंबर गाडीचा आसतो म्हनून. नंबर मानसाचा आसतो, दादा. मानसानं सावलीला बसायचं, भांड्यानं उन्हात उभं राहायचं. भांड्याला ऊन लागत न्हाई."

अर्धं आयुष्य ज्यांचं टँकरची वाट बघण्यात गेलं त्यांना हा कायदा कुणी शिकवावा लागत नाही. टँकर दुपारी यायचा, बायका सकाळी हंडा रांगेत ठेवून खुरपायला जायच्या. हंडा बाईपेक्षा भरवशाचा. तो भांडत नाही, कंटाळत नाही, मध्येच घरी जात नाही. पण त्या रांगेला एक राखणदारीण लागते, आणि ती जरा तोंडाची पाहिजे. राहीबाईंनी कडेचा एक दगड पुसला आणि त्यावर बसल्या.

कायदा साधा होता. भांडं स्वतःचं पाहिजे. रिकामं चालेल. दुसऱ्याच्या भांड्याला हात लावायचा नाही. सरकवायचं ते राहीबाईंनीच.

आधी कोंबड्यांच्या टेम्पोवाल्यानं पाण्याचा डबा आणून ठेवला आणि कोंबड्या सावलीत नेल्या. मग जीपवाल्यानं हारांची रिकामी टोपली ठेवली. रिक्षावाल्यांनी बाटल्या ठेवल्या. जेवणाचे डबे आले, बादली आली, कुणाचं हेल्मेट आलं. हेल्मेटला राहीबाईंनी आधी हरकत घेतली, मग उलटं ठेवल्यावर चालेल म्हणाल्या. गॉगलवाले गृहस्थ एकटेच गाडीत बसून होते. शेवटी लालबुंद होऊन आले आणि मान खाली घालून आपला थर्मास कळशीच्या मागं ठेवून गेले.

"झाकन नीट लावा दादा," राहीबाई म्हणाल्या. "धूळ जाईल."

आता चिंचेखाली गाड्या गुरांसारख्या निवांत बसलेल्या, आणि रस्त्याच्या कडेनं पार ओढ्याच्या पलीकडंपर्यंत भांड्यांची रांग. स्टील, पितळ, ॲल्युमिनियम, निळं प्लास्टिक. ऊन त्यावर असं चमकत होतं की राहीबाईंना डोळे बारीक करावे लागले. आपण केलं हे? एका कळशीनं? त्यांनी पदर डोक्यावर घेतला.

त्यांच्यासारखीच ती रांग बाकीच्यांनीही पाहिली. पाथर्डीकडं जाणाऱ्या एसटीतून माणसं खिडकीबाहेर लोंबकळून बघत होती. कुणीतरी फोटो काढला. आणि आपल्या जिल्ह्यात चैत्राच्या उन्हात रस्त्यावर हंडे मांडलेले दिसले, तर माणसाच्या मनात एकच गोष्ट येते. ती सरकारच्याही मनात आली.

धूळ उडवत एक जीप आली. तिच्यातून मंडळ अधिकारी उतरले, मागून तलाठी, तलाठ्याच्या काखेत कागद. त्या रस्त्यानं दुपारी कुणी मोठी पाहुणेमंडळी जाणार होती, म्हणून अधिकाऱ्यांच्या कपाळावर घाम जरा जास्तच होता.

"मोर्चाचं नेतृत्व कुणाकडं आहे?"

सगळ्यांनी दगडाकडं बोट दाखवलं.

"मावशी, निवेदन कुठंय?"

"कसलं?"

"मागणीचं. पाण्याच्या."

"आमाला गॅस पायजे."

अधिकाऱ्यांनी तलाठ्याकडं पाहिलं. तलाठ्यानं कागदाकडं पाहिलं. "हंडे मांडून गॅस मागताय?"

"मंग काय मांडून मागायचा?"

याचं उत्तर कुठल्याच परिपत्रकात नव्हतं. अधिकारी खाली वाकून हळू आवाजात म्हणाले, "मावशी, गॅस माझ्या हातात नाही. पाणी आहे. तुम्ही पाणीच मागा ना. टँकर मी सांगून आलोय, तो आता परत पाठवता येत नाही."

आणि टँकर आलाच. राहीबाईंनी आयुष्यात टँकरची इतकी वाट पाहिली होती, आणि आज न मागता तो त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. इतक्या लवकर पाणी येतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. गॅसची रांग धरायची आणि पाणी यायचं. आधी माहीत असतं तर तारुण्य कुठं कुठं वाचलं असतं.

टँकरचा आवाज ऐकून पलीकडच्या वस्तीवरच्या बायका हंडे घेऊन पळत आल्या. पंधरवडा त्या टँकर मागत होत्या. त्यांच्या पुढं कडूबाई नावाची एक काळीसावळी, ताठ बाई. तिनं रांग पाहिली, दगडावरची म्हातारी पाहिली, आणि आपला हंडा मुकाट्यानं शेवटी नेऊन ठेवला. कायदा तिला समजावून सांगावा लागला नाही. राहीबाईंचं मन भरून आलं. आपल्या माणसांची हीच ओळख.

पण तिच्या मागच्या बायकांना तेवढा दम नव्हता. जिथं फट दिसली तिथं हंडा घुसला. डब्यांत हंडे मिसळले, बादल्यांत घागरी मिसळल्या, आणि हेल्मेट कुणीतरी पाण्यानं भरलं.

"मावशी," गॉगलवाले रडकुंडीला येऊन म्हणाले, "आता माझा नंबर पाण्याचा आहे का गॅसचा?"

राहीबाई दगडावरून उठल्या. "कुनी हात लावायचा न्हाई. मी निवडती."

राहीबाई शाळेत दुसरीपर्यंत गेल्या. वाचायला त्या शिकल्या भांड्यांवर. लग्नाकार्यात आलेल्या ताटावाट्यांवर, तांब्यांवर ठोकून कोरलेली नावं बोटानं चाचपत त्यांनी अक्षर न् अक्षर ओळखीचं केलं. पेपर त्यांना आजही वाचता येत नाही, पण कुठलंही भांडं हातात घेतलं की ते कुणाचं, कुणी दिलं, कधी दिलं आणि देताना हात आखडला की नाही, हे त्या सांगतात. आता त्या एकेक भांडं उचलून नाव वाचत होत्या. वस्तीवरच्या बायकांचे हंडे टँकरकडं, गॅसवाल्यांची भांडी पंपाकडं. बायका आणि ड्रायव्हर दोन्ही बाजूंना चिडीचूप उभे. अधिकारीही उभेच. तलाठी तर कागद विसरून भांडी वाचायला लागला.

असं करत करत त्या ओढ्याच्या पुलापाशी गेल्या. मागची भांडी सरकवायची वेळच अजून आली नव्हती, त्यामुळे तिकडं त्या पहिल्यांदाच येत होत्या. तिथं एक पितळी कळशी होती. राहीबाईंनी उचलली आणि हात पोळला. उन्हात फार वेळ उभं राहिल्याशिवाय पितळ एवढं तापत नाही. पदरानं धरून त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं.

सत्यशीला हिस आईकडून.

ठोकणारा अक्षरावर पैसे घेत होता, म्हणून बापाचं नाव राहीबाईंनी गाळलं होतं. ही कळशी त्यांनी स्वतः लेकीच्या रुखवतात मांडली होती.

त्यांनी मान वर केली. पुलापलीकडं बाभळीखाली पांढरी व्हॅन. तिच्या दाराशी बाळ कडेवर घेऊन सत्यशीला उभी. व्हॅनमध्ये जावईबापू रामहरी स्टिअरिंगवर झोपलेले. मागच्या सीटवर नेवाशाहून आणलेले घरचे कारागीर बिभीषणराव, मांडीवर वस्तऱ्याची पेटी. आणि सीटच्या खाली कुणीतरी वाकून बसलेलं.

"आई," सत्यशीला हळूच म्हणाली, "आत्याबाईंनी कवाच तुजा आवाज वळखला. तवापासून वाकून बसल्यात."

सीटखालून केशरबाई वर आल्या. पदर सारखा केला. खाली उतरल्या. दोघी विहिणी समोरासमोर, मध्ये तापलेली कळशी.

"कवा आलात, इहीनबाई?" राहीबाईंनी विचारलं.

"आत्ताच. तुमी?"

"आमी बी आत्ताच."

राहीबाईंचा तळवा लाल झाला होता. केशरबाईंच्या कानामागून घाम ओघळत होता. दोघींनी ते पाहिलं, आणि दोघींनी ते पाहिलं नाही असं केलं. विहिणीविहिणींमध्ये यापेक्षा मोठा मान नसतो.

"बारा वाजत आलं," व्हॅनमधून बिभीषणराव म्हणाले. "मला दुपारचं दुकान उघडायचंय."

तेव्हा कुठं केशरबाईंचा चेहरा पडला. "नाथाच्या पायरीवर काढीन म्हनून बोलली व्हती मी." आवाजात टोमणा नव्हता, आजी होती.

राहीबाईंनी मढीच्या दिशेला पाहिलं, मग भांड्यांच्या त्या रांगेकडं. "हितली भांडी सरकारला दिसली. नाथाला दिसनार न्हाईत व्हय? त्येच्याकडं तोंड करून बसवा. केस पदरात बांधून न्यायचे आन् पायरीवर ठिवायचे."

आणि चिंचेखाली, टेम्पोतल्या कोंबड्यांच्या आणि मंडळ अधिकाऱ्यांच्या साक्षीनं, अजिनाथ मांडी घालून बसला. बाळ त्याच्या मांडीवर. कडूबाईनं टँकरचं पहिलं पाणी आपल्या हंड्यातून त्या कळशीत ओतलं. पितळ चर्र झालं. बिभीषणरावांनी बाळाचं डोकं ओलं केलं. बाळानं एकदाच असा टाहो फोडला की कोंबड्या गप्प झाल्या. पहिली बट खाली पडली तेव्हा बारा वाजायचे होते. वस्तीवरच्या बायकांनी न सांगता ओव्या म्हटल्या. गॉगलवाल्यांनी गॉगल काढला. आतले डोळे अगदीच साधे निघाले.

शेवटची बट निघाली आणि गॅसची गाडी आली. लांबच लांब ट्रक, त्यावर लोखंडी नळकांडी एकावर एक रचलेली, जसा एखादा मोठा देव झोपलेला आणावा. चिंचेखालचं सगळं रान उठून उभं राहिलं. राहीबाईंनी हात जोडले.

पुढं भांड्यांच्या क्रमानं गाड्या लागल्या आणि एकाचाही वाद झाला नाही. राहीबाईंची गाडी ढकलत पंपावर आली. गॅस भरतानाचा तो फूत्कार ऐकत त्या बाजूला उभ्या राहिल्या. वारा किलोवर आत जात होता. ताठ मानेनं त्या गाडीत बसल्या, विहिणीनं बघावं अशा. अजिनाथनं किल्ली फिरवली. गाडी खोकली. पुन्हा फिरवली. गाडी खोकलीसुद्धा नाही.

"टाकीत पेट्रोल हाय का?" पंपावरच्यानं विचारलं. "हितं नुसता गॅसच मिळतो."

अजिनाथनं आईकडं पाहिलं. आईनं खिडकीबाहेर पाहिलं. काटा तळाला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा दिवस त्यानं चांगला गेला नाही.

अख्ख्या रांगेनं गाडी ढकलत रस्त्यावर आणून ठेवली. पोटात किलोकिलोनं गॅस, आणि घोटभर पेट्रोलावाचून मढी तशीच लांब. केशरबाई येऊन दाराशी उभ्या राहिल्या. आता ते तीन शब्द येणार, राहीबाईंना माहीत होतं. त्यांनी दात आवळून ठेवले.

पण त्याआधी रामहरी डोकं खाजवत पुढं आले. हातात नळी आणि रिकामी बाटली. "मामी, आमच्या व्हॅनमधी हाय पेट्रोल. अर्धी टाकी."

केशरबाई गर्रकन वळल्या. "आपल्या व्हॅनमधी? मंग उन्हात का बसलो आपन?"

"तूच म्हनलीस ना आई, पेट्रोलचं नाव काढू नगंस. म्या न्हाई काढलं."

केशरबाईंनी लेकाकडं असं पाहिलं की बिभीषणरावांनी वस्तऱ्याची पेटी मिटली. मग त्यांनी राहीबाईंच्या गाडीचं पुढचं दार उघडलं. "त्या व्हॅनमधी मी पाय ठिवनार न्हाई. इहीनबाई, तुमच्या गाडीत जागा हाय म्हनला हुता."

राहीबाई उतरून मागच्या सीटवर जाऊन बसल्या. त्यांच्या मांडीवर सत्यशीलाची कळशी, शेजारी सविता, पलीकडं सत्यशीला आणि तुळतुळीत डोक्याचं बाळ. बाटली टाकीत रिकामी झाली, गाडी घोट प्यायली आणि निघाली. राहीबाईंची स्वतःची कळशी रांगेतच राहिली होती. त्यांनी मागं वळून पाहिलं. दगडावर गॉगलवाले बसले होते. आपली गाडी भरून झाली तरी ते गेले नव्हते. एका नव्या गाडीवाल्याला हात करून सांगत होते, नंबर माणसाचा असतो म्हणून. समोर ती कळशी, तिच्यामागं पुन्हा लांबवर चमकत गेलेली भांडी. राहीबाईंचा हात आपसूक पदराकडं गेला.

मढीच्या पायथ्याला केशरबाईंच्या भावकीतल्या बायका भेटल्या. "कशानं आलात?"

"इहीनबाईंच्या गाडीतनं," केशरबाई म्हणाल्या. "लई गार हवा लागती आत."

राहीबाई पुढच्या वाक्याची वाट पाहत थांबल्या. आता 'पर' येईल. पर पेट्रोल आमचं. पायऱ्या चढताना त्या तयारीत होत्या, उत्तरही जुळवून ठेवलं होतं. अर्धी चढण झाली. केस पायरीवर ठेवले. नारळ फुटला. रेवड्या वाटल्या. 'पर' आलाच नाही. असं माणसाला निःशस्त्र करणारं वागणं केशरबाई कुठून शिकल्या, ते नाथालाच ठाऊक.

उतरताना त्यांनी अजिनाथला बाजूला घेतलं.

"जाताना पंपावर थांब. त्यांची बाटली भरून द्यायची हाय. कुनाचं ठिवायचं न्हाई आपल्याला."

"बरं."

"आनि बाटलीपुरतं कुनी देत नसतं. जास्तीचं घ्यावं लागंल." त्या एक पायरी उतरल्या, थांबल्या, पदर सारखा केला. "उरंल ते ऱ्हाऊ दे टाकीत. सांडून काय करायचंय."